साडेछत्तीस की साडेसत्तावन्न?

गेल्या महिन्यात दोन दिवस सांगलीला गेलो होतो. रात्री जेवताना डॉलरचा विषय निघाला. (आयटीवाला नातू घरी आला की तो निघतोच. "सध्या कितीला आहे रे?" हा प्रश्न मला तब्येतीच्या चौकशीच्याही आधी विचारला जातो.) मी काहीतरी शहाणपणा करत होतो, तेवढ्यात आजोबा म्हणाले, "अरे, डॉलरचं आम्हाला नको सांगूस. सहासष्ट साली एका रात्रीत रुपया सत्तावन्न टक्क्यांनी पडला होता."

मी लगेच मोबाइल काढला. वाईट सवय आहे, मान्य. दोन मिनिटं शोधाशोध केली आणि म्हणालो, "सत्तावन्न नाही आजोबा, साडेछत्तीस. सरकारी आकडा आहे."

आजोबांनी ताकाची वाटी खाली ठेवली. आयुष्यभर सरकारी खात्यात हिशेब तपासले त्यांनी, आकड्यात सहसा चुकत नाहीत. म्हणाले, "दिल्लीला असतील साडेछत्तीस. आमच्या घरी सत्तावन्नच होते." आणि हात धुवायला उठले.

मला वाटलं, वय झालं. पुण्याला परत येताना गाडीत सहज कॅल्क्युलेटर उघडला आणि माझी विकेट पडली. म्हणून हा लेख.

आधी नुसते आकडे. ५ जून १९६६ ला, रविवारी रात्री, भारत सरकारने रुपयाचं अवमूल्यन जाहीर केलं. ६ जूनपासून नवा दर लागू. आदल्या दिवशीपर्यंत एक डॉलर ४.७६ रुपयांना पडायचा, तो ७.५० रुपयांना झाला. आता शाळेतलं गणित करा: ७.५० वजा ४.७६, भागिले ४.७६, गुणिले १००. साडेसत्तावन्न टक्के. डॉलर साडेसत्तावन्न टक्क्यांनी महागला.

हेच दुसऱ्या बाजूने बघू. रुपया किती पडला हे सांगायचं तर एका रुपयाला आधी किती सेंट मिळत होते आणि नंतर किती, हे बघायला हवं. आधी २१ सेंट, नंतर १३.३३ सेंट. ७.६७ भागिले २१. साडेछत्तीस टक्के.

म्हणजे एकच घटना, एकच रात्र, आणि दोन टक्के. दोन्ही बरोबर!

यात एक योगायोग आहे, तो बघून मी गाडीत मोठ्याने हसलो. (शेजारच्या काकांनी खिडकीकडे सरकून घेतलं.) तेव्हा पौंड होता २.८० डॉलरचा. म्हणजे अवमूल्यनाआधी एक पौंड १३.३३ रुपयांना, आणि नंतर २१ रुपयांना. परत तेच दोन आकडे! रुपयाची किंमत सेंटमध्ये मोजली तर २१ वरून १३.३३, पौंडाची किंमत रुपयांत मोजली तर १३.३३ वरून २१. जिना तोच, पायऱ्या तेवढ्याच. उतरणाऱ्याने वरच्या मजल्याच्या उंचीला भागलं, चढणाऱ्याने खालच्या. फरक सगळा छेदात आहे.

आपल्या शाळेच्या पुस्तकात हे होतं खरं तर. "नफा-तोटा नेहमी खरेदीच्या किमतीवर काढतात" हे वाक्य आपण सगळ्यांनी घोकलंय. का काढतात हे मात्र कुणी विचारलं नाही, मीही नाही. आणि "द.सा.द.शे."! दर साल दर शेकडा. टक्क्यांपेक्षा मला हा जुना शब्द जास्त प्रामाणिक वाटतो. दर शेकडा म्हटलं की निदान मनात प्रश्न तरी येतो की शेकडा कशाचा? टक्के म्हटलं की तो प्रश्न विरघळून जातो.

आता सरकारने साडेछत्तीस सांगितले ते लहान दिसतात म्हणून का? मला आधी तसंच वाटलं होतं. राजकारण्यांबद्दल वाईट विचार करायला आपल्याला फार वेळ लागत नाही. पण यामागे नियम होता. १९४४ साली अमेरिकेत ब्रेटन वुड्सला जी परिषद झाली, तिथून आंतरराष्ट्रीय नाणेनिधी निघाला. भारताच्या शिष्टमंडळात आपले चिंतामणराव देशमुख होते, महाडजवळच्या नात्याचे, तेव्हा रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर. त्या व्यवस्थेत प्रत्येक देशाने आपल्या चलनाची किंमत सोन्यात किंवा अमेरिकन डॉलरमध्ये नोंदवायची होती. म्हणजे "डॉलर किती रुपयांना" असं नाही, तर "एक रुपया म्हणजे किती सोनं" असं. १९६६ च्या अवमूल्यनात एका रुपयाचं सोनं ०.१८६६२१ ग्रॅमवरून ०.११८४८९ ग्रॅमवर आलं. भागून बघा, साडेछत्तीस टक्के घट. अवमूल्यन हा शब्दच रुपयाच्या मूल्याबद्दल आहे, तेव्हा छेदात रुपयाचं जुनं मूल्य असणं रीतसरच आहे.

नाणेनिधीच्या त्या करारात प्रोग्रॅमरला प्रेमात पाडेल असं एक कलम आहे. चलनाची किंमत दहा टक्क्यांपर्यंत बदलली तर नाणेनिधी हरकत घेणार नाही. पण दहा टक्के कशाचे? तर करारात स्पष्ट लिहिलंय: सुरुवातीला नोंदवलेल्या मूल्याचे. आणि आधीचे सगळे बदल त्यात धरून. म्हणजे दर वर्षी "आत्ताच्या किमतीच्या नऊ टक्के" असं हळूहळू खाली सरकत जायची पळवाट आधीच बंद! ज्याने हे लिहिलं त्याने छेद उघडा सोडला नाही. (मी मागे एका रिपोर्टमध्ये सोडला होता. डॉलरचा भाव रुपयांत घेऊन त्यातली वाढ काढली आणि कॉलमला नाव दिलं "रुपयातील घसरण". तीन महिने कुणाच्या लक्षात आलं नाही, आलं तेव्हा सगळ्यांच्या एकदम आलं. असो.)

यात माझ्यासारखी गफलत करणारे खूप आहेत. आजही कितीतरी ठिकाणी "१९६६ साली रुपयाचं ५७ टक्के अवमूल्यन झालं" असं छापलेलं सापडतं. आकडा बरोबर, वाक्य चूक. रुपया खरंच ५७.५ टक्क्यांनी पडला असता तर २१ सेंटचे नऊ सेंटही उरले नसते आणि डॉलर ११ रुपयांच्या वर गेला असता. साडेसात रुपयांवरूनच देशात एवढं वादळ उठलं, अकरावर काय झालं असतं कोण जाणे.

वादळ उठलं हे खरंच. इंदिरा गांधींना पंतप्रधान होऊन पाच महिनेही झाले नव्हते. अर्थमंत्री होते सचिंद्र चौधुरी. १९६५ चं युद्ध झालेलं, त्यात अमेरिकेने मदत थांबवलेली, त्याच वर्षी भीषण दुष्काळ, देश पीएल-४८० च्या गव्हावर जगतोय. परकीय चलन जवळजवळ संपलेलं. जागतिक बँक आणि नाणेनिधीचं म्हणणं होतं की रुपया खाली आणा, मग मदतीचं बघू. काँग्रेसचे अध्यक्ष कामराज यांचा याला विरोध होता. त्यांच्याच पक्षातून टीका झाली. डाव्यांनी टीका केली, उजव्यांनी केली. आणि पुढच्याच वर्षी निवडणुका!

त्यात एक तिसरा आकडाही लपलाय. वरवर पाहिलं तर निर्यात करणाऱ्याला डॉलरमागे ४.७६ ऐवजी ७.५० मिळणार, म्हणजे त्याची साडेसत्तावन्न टक्के चंगळ. पण सरकारने त्याच वेळी निर्यातीवरच्या बऱ्याच सवलती काढून घेतल्या आणि ताग, चहा अशा मालावर निर्यात कर बसवला. तेव्हा ज्याला आधीपासून सवलत मिळत होती त्याच्या खिशात प्रत्यक्ष वाढ फारच कमी आली. जगदीश भगवती आणि टी. एन. श्रीनिवासन या अर्थतज्ज्ञांनी १९७५ च्या आपल्या ग्रंथात नेमका हाच फरक मांडला आहे, कागदावरचं अवमूल्यन वेगळं आणि हातात पडणारं वेगळं. त्यात १९६६-६७ ला पुन्हा पाऊस दगा देऊन गेला. शेतमालावर चालणारी निर्यात वाढणार कशी?

आणि हो, आखात. ही गोष्ट मला अजिबात माहीत नव्हती. तेव्हा दुबई, कतार, अबू धाबी, ओमान इथे भारतीय रुपया चालायचा! सोन्याची चोरटी आयात आटोक्यात यावी म्हणून १९५९ पासून रिझर्व्ह बँक त्यांच्यासाठी वेगळ्या नोटा काढत होती. कुवेत १९६१ ला आणि बहरीन १९६५ ला आपापलं चलन काढून मोकळे झाले होते, बाकीचे मात्र अजून रुपयावर. म्हणजे दिल्लीतल्या रविवार रात्रीच्या घोषणेने दुबईतल्या व्यापाऱ्याच्या गल्ल्यातल्या नोटांचं मूल्यही साडेछत्तीस टक्क्यांनी खाली आलं, त्याचा भारताच्या दुष्काळाशी काही संबंध नसताना. कतार आणि दुबईने त्याच वर्षी रुपया सोडला. काही काळ सौदी रियाल वापरला, मग स्वतःचा रियाल काढला, किंमत अवमूल्यनाआधीच्या रुपयाएवढी. अबू धाबीने बहरीनचा दिनार घेतला. ओमानमध्ये मात्र १९७० पर्यंत रुपया टिकला.

टक्क्यांमुळे (म्हणजे अर्थात टक्क्यांमागच्या निर्णयामुळे) देशादेशांत कसं फाटतं याचं याहून मोठं उदाहरण १९४९ चं आहे. त्या सप्टेंबरमध्ये ब्रिटनने पौंड ४.०३ डॉलरवरून २.८० वर आणला. साडेतीस टक्के घट. भारताने रुपयाही तेवढाच खाली आणला. पाकिस्तानने आणला नाही. फाळणीला जेमतेम दोन वर्षं झालेली, दोन्ही रुपये तोवर एकास एक चालत होते. आता भारताच्या दृष्टीने शंभर पाकिस्तानी रुपयांना १४४ भारतीय रुपये पडू लागले.

आता हे ताग घेऊन बघा. ताग पिकायचा मुख्यतः पूर्व बंगालमध्ये, म्हणजे पाकिस्तानात. गिरण्या सगळ्या कलकत्त्याच्या बाजूला, म्हणजे भारतात. कलकत्त्याच्या गिरणीवाल्याला तोच ताग एका आठवड्यात ४४ टक्क्यांनी महाग. कराची म्हणणार, आम्ही भाव एका पैशानेही वाढवला नाही, तुमचाच रुपया साडेतीस टक्क्यांनी पडला. दोघांचंही गणित बरोबर! भारताने पाकिस्तानचा हा दर मानायलाच नकार दिला. व्यापार ठप्प. तागाच्या शेतकऱ्याचा माल पडून राहू नये म्हणून पाकिस्तानने त्या नोव्हेंबरमध्ये घाईघाईने नॅशनल बँक ऑफ पाकिस्तान उभी केली. अखेर फेब्रुवारी १९५१ च्या व्यापार करारात भारताने तो दर मान्य केला, तेव्हा अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुखच. आणि १९५५ साली पाकिस्ताननेही आपल्या रुपयाचं अवमूल्यन केलं! म्हणजे सहा वर्षांनी दोघे पुन्हा एका पायरीवर.

आता एक प्रश्न, उत्तर न बघता सांगा. १९४९ ला रुपया साडेतीस टक्के पडला, १९६६ ला साडेछत्तीस. एकूण किती? मी ऑफिसमध्ये चहाच्या वेळी चौघांना विचारलं. तिघे इंजिनिअर म्हणाले सदुसष्ट. (चौथी टेस्टिंगमधली, ती म्हणाली "छेद कुठला?" तिला सलाम.) उत्तर सुमारे छप्पन्न टक्के. कारण दुसरी साडेछत्तीस टक्के घट मूळ शंभरावर नाही, पहिल्या घटीनंतर उरलेल्या साडेएकोणसत्तरवर आहे. डॉलरच्या बाजूने बघाल तर ३.३१ चे ७.५० झाले, म्हणजे जवळपास १२७ टक्के वाढ. सदुसष्ट कुठेच नाही.

१९९१ साली हेच दोन टप्प्यांचं गणित अवघ्या तीन दिवसांत झालं. परकीय चलन पुन्हा तळाला. पी. व्ही. नरसिंह राव पंतप्रधान, मनमोहन सिंग अर्थमंत्री, नवं सरकार येऊन दोन आठवडेही झाले नव्हते. सहासष्टची आठवण सगळ्यांच्या मनात होती, म्हणून घाव एकदम न घालता दोनदा घातला. १ जुलैला रिझर्व्ह बँकेचा पौंडाचा दर ३४.३६ रुपयांवरून ३७.४२ केला, बाजार काय म्हणतो ते पाहिलं, आणि ३ जुलैला ४१.५९. असं सांगतात की पहिल्या टप्प्यानंतर राव डगमगले, दुसरा थांबवा म्हणाले. मनमोहन सिंगांनी डेप्युटी गव्हर्नर सी. रंगराजन यांना फोन लावला, तोवर काम झालेलं होतं. त्याच जुलैत रिझर्व्ह बँकेचं सुमारे ४७ टन सोनं मुंबईहून विमानाने बाहेर गहाण गेलं, हे तर सगळ्यांना ठाऊक आहे.

या आकड्यांशी मी रविवारची अर्धी दुपार खेळत बसलो होतो. रुपयाची पहिली घट ८.१८ टक्के, दुसरी १०.०३. बेरीज १८.२१, पण खरी एकूण घट १७.३८. आता पौंडाकडून: पहिली वाढ ८.९१, दुसरी ११.१४. बेरीज २०.०५, खरी एकूण वाढ २१.०४. घटी जोडल्या की बेरीज खऱ्यापेक्षा जास्त येते, वाढी जोडल्या की कमी. मला तरी इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत हे कुणी असं समोर ठेवून दाखवलं नव्हतं.

तर, आजोबांचे सत्तावन्न.

पुण्याला पोचल्यावर फोन केला आणि आधी माफी मागितली. मग विचारलं, "आमच्या घरी सत्तावन्न म्हणजे काय हो?"

आजोबांचे थोरले बंधू, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे, तेव्हा अमेरिकेत एमएस करत होते. शेवटच्या सत्राचे सहाशे डॉलर पाठवायचे होते. पणजोबांनी वर्षभर साठवून २,८५७ रुपये जमवले होते, रिझर्व्ह बँकेची परवानगीसुद्धा आली होती. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पैसे भरायचे ठरलं होतं. सोमवारी सकाळी पेपर आला.

मी फोनवर बोलता बोलता हिशेब केला. त्या २,८५७ रुपयांचे आता फक्त ३८१ डॉलर येत होते. सहाशेचे ३८१, म्हणजे साडेछत्तीस टक्के कमी. सरकारी आकडा अगदी बरोबर! पण कॉलेज ३८१ डॉलर घेऊन थांबणार नव्हतं. त्याला सहाशेच हवे होते, आणि सहाशेला आता ४,५०० रुपये लागत होते. आणखी १,६४३. जमवलेल्या पैशांच्या साडेसत्तावन्न टक्के. एकाच पाकिटात दोन्ही आकडे होते. पणजोबांना कुठला सोडवायचा होता ते उघड आहे.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. आईच्या पाटल्या गेल्या सराफाकडे. गहाण म्हणूनच ठेवल्या होत्या. माझं पुढचं शिकायचं चाललं होतं, ते राहिलं. सप्टेंबरात नोकरीला लागलो."

हे मला माहीत नव्हतं. आजोबा बीएससीनंतर का थांबले हे मी कधी विचारलंच नव्हतं.

"आणि अण्णांना किती पाठवले शेवटी?"

"सहाशे," आजोबा म्हणाले. "पूर्ण."